पाण्याचे अंतर

बेट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. परंतु महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून बरेच आत, सातपुड्याच्या डोंगररांगांत काही पाडे असे आहेत की त्यांना वर्षाचा मोठा भाग बेट याखेरीज दुसरे नाव देता येत नाही. नर्मदा नदी महाराष्ट्राच्या आतून वाहत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर जाताना ती राज्याला आपला फक्त दक्षिण काठ देते, आणि या काठावर अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील भिल्ल व पावरा समाजांची गावे उतारांवर विखुरलेली आहेत. गुजरातमधील सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याने, म्हणजे धरणामागे अडून नदीच्या उलट दिशेने पसरत गेलेल्या पाण्याने, महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पुनर्वसन वसाहतींत गेली, काहींची जमीन पूर्णपणे बुडाली नाही म्हणून ती मागे राहिली, तर काहींच्या पात्रतेचा निवाडाच होत राहिला. मागे राहिलेल्यांच्या घरांभोवती पाणी चढत गेले तसे डोंगराचे सुळके सुटे झाले, दोन पाड्यांमधली नाली खाडीसारखी भरली, आणि ज्याला लोक पूर्वी नुसती टेकडी म्हणत त्याला सरकारी कागदांतही ‘टापू’ म्हणू लागले.

या टापूंचे समुद्री बेटांहून असलेले वेगळेपण आरोग्यसेवेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. समुद्रातल्या बेटावर राहणाऱ्यांच्या अनेक पिढ्या होडी, वारा आणि भरती-ओहोटी यांच्याशी जुळवून घेत आलेल्या असतात, तिथे धक्का असतो, वहिवाटीचे मार्ग असतात. नर्मदेच्या टापूवरचा माणूस मात्र पायी चालणारा डोंगरी माणूस आहे आणि त्याला पाण्याने एका पिढीच्या आत वेढले. शिवाय हे पाणी एका जागी राहत नाही. धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर आणि पाणी खेचण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर, म्हणजे या दोहोंत २८ मीटर उंचीचा फरक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरलेला असतो तेव्हा होडी जवळजवळ अंगणाखाली लागते, पण उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागले की काठावर गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. हा गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असल्याने त्यात गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत पाय जातो, जनावरे अडकतात, आणि खाटेवर घातलेला रुग्ण चौघांनी उचलला असेल तर चौघेही एकेका पावलाला रुतत जातात. त्यामुळे ‘हे गाव होडीच्या मार्गावर आहे’ हे वाक्य आश्विनात खरे असते आणि वैशाखात निम्मेच खरे असते. या भागात काही वर्षे काढलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला अंतर किलोमीटरमध्ये विचारले तर तो उत्तर देण्याआधी महिना कोणता ते विचारतो.

सरकारी आरोग्यव्यवस्थेची मोजपट्टी वेगळी आहे. ग्रामीण भागात उपकेंद्र, म्हणजे परिचारिका आणि पुरुष आरोग्यसेवक यांचे सर्वांत खालचे सरकारी ठाणे, पाच हजार लोकसंख्येमागे एक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागे एक असा देशभराचा निकष आहे. डोंगरी व आदिवासी भागांसाठी तो शिथिल करून अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार असा ठेवलेला आहे. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे यात शंका नाही, मात्र ती माणसे मोजते, पाणी मोजत नाही. दोन टापू, एक खोल खाडी आणि तीन उतार मिळून लोकसंख्या जेमतेम काहीशे भरत असेल, तर कोणत्याही शिथिल निकषात तिथे उपकेंद्र बसत नाही, आणि निकषाच्या भाषेत त्या वस्तीची सोय पलीकडच्या गावातल्या उपकेंद्राने ‘झालेली’ असते. ‘कार्यक्षेत्रातील लोकसंख्या’ हा शब्दप्रयोग अशा ठिकाणी फसवा ठरतो, कारण कार्यक्षेत्र नकाशावर सलग दिसते आणि नकाशा बहुधा पाणी चढण्याच्या आधीचा असतो.

या पोकळीवरचा सरकारचा एक उपाय म्हणजे नर्मदेवरचा तरंगता दवाखाना. डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि चालक घेऊन बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मोठी होडी, ठरावीक वारी ठरावीक गावांना लागते, काठावर तपासणी होते, लसीकरण होते, गरोदर बायांची नोंद होते आणि गंभीर रुग्ण मिळाला तर त्याला घेऊन बार्ज परत फिरते, अशी ही कल्पना आहे. तिच्यासारखीच व्यवस्था आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या वाळूबेटांवर, ज्यांना तिकडे चर किंवा सापोरी म्हणतात, २००५ पासून एका स्वयंसेवी संस्थेने उभी केली आणि पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला सरकारी निधीची जोड दिली. नर्मदेवरच्या दवाखान्याविषयी लांबून लिहिणारे त्याच्या चित्रमयतेवर भाळतात, आणि जवळून काम केलेले लोक आधी डिझेलविषयी बोलतात. या दुसऱ्या लोकांचे ऐकणे अधिक उपयोगाचे आहे.

लसीकरणाचे एक सत्र जवळून पाहिले तर या कामाचे स्वरूप ध्यानात येते. आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे केंद्रातल्या डीप फ्रीजरमधून बर्फाचे चार आइसपॅक काढून टेबलावर ठेवावे लागतात, ते अधूनमधून कानाशी नेऊन हलवावे लागतात, आणि आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या झाकणबंद डब्यात, भरावे लागतात. कडक गोठलेला बर्फ थेट ठेवला तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठून निकामी होते, त्यामुळे नवखा कर्मचारी उन्हाच्या भीतीने जो जादा बर्फ भरतो त्यानेच लसीची हत्या होते. डबा खांद्याला लावून जीप, मग पायवाट, मग होडी असा प्रवास होतो आणि दुपारी साडेअकराच्या सुमारास परिचारिका टापूवर पोहोचते. तिथे बीसीजी द्यायची दोन बाळे आहेत. बीसीजीची कुपी दहा डोसांची असते, तिच्यातील भुकटीत द्रावण मिसळल्यापासून चार तासांत ती वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते; हे बंधन ताठर वाटले तरी ते योग्य आहे, कारण मिसळलेल्या लसीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेतते. नियम असाही आहे की एकच बाळ असले तरी कुपी उघडावी. परंतु मासिक बैठकीत ‘वाया गेलेले डोस’ या रकान्याची विचारणा होते, आणि ‘दोन बाळांसाठी दहा डोस’ हा हिशेब टापू न पाहिलेल्या माणसाला हलगर्जीपणाचा वाटतो. म्हणून मनाने कच्ची परिचारिका पुढच्या फेरीला आणखी बाळे जमतील या आशेने कुपी न उघडताच परत नेते, पुढच्या फेरीला पाणी उतरलेले असते किंवा इंजिन बंद असते, आणि बाळ तीन महिन्यांचे होते. जाणती परिचारिका कुपी उघडते, आठ डोस फेकते आणि बैठकीत बोलणी खाते. कोणत्याही अहवालात हा फरक दिसत नाही, आणि टापूवरच्या आरोग्यसेवेचा दर्जा मात्र पुष्कळदा त्यावरच ठरतो.

होडीच्या इंजिनाचा प्रश्नही असाच अहवालाबाहेरचा आहे. औषधांच्या खरेदीला शीर्ष असते, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकात त्या खर्चाची ठरलेली जागा असते. होडीच्या पंख्याचे पाते तुटले, तिच्या तळाला भेग पडली किंवा चालकाने पगार थकल्यामुळे काम सोडले तर तो खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा याचा पत्रव्यवहार सुरू होतो. एका केंद्राच्या बाबतीत किरकोळ दुरुस्तीसाठी होडी काठावर बांधून राहिली, त्या काळात कागदोपत्री दवाखाना चालूच राहिला, कारण डॉक्टरची नेमणूक होती, औषधे शिल्लक होती आणि हजेरीपत्रक भरलेले होते. इथे कोणा एकाची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. व्यवस्थेने डॉक्टर, औषध आणि इमारत यांना आरोग्यसेवा मानले आणि डिझेल, मेकॅनिक व नावाडी यांना किरकोळ खर्च मानले, त्या मानण्याचा हा परिणाम आहे. टापूच्या बाबतीत नावाडी हा आरोग्य कर्मचारीच असतो. रात्री दोनला बोलावल्यावर तो येईल की नाही यावर जेवढे प्राण अवलंबून असतात तेवढे क्वचितच एखाद्या तज्ज्ञावर असतील.

मनुष्यबळाच्या योजनांची नावे या संदर्भात मोठी बोलकी आहेत. आदिवासी भागांतील माता व बालमृत्यू रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९९५ पासून ‘नवसंजीवनी’ योजना राबवली, तिच्यात दुर्गम वस्त्यांना भेटी देणारी भरारी पथके आणि त्यांवरचे मानसेवी वैद्यकीय अधिकारी आले. ‘मानसेवी’ या शब्दात मान पुष्कळ आणि वेतन थोडे, तर ‘भरारी’ या शब्दाला पंख अभिप्रेत असले तरी पथकाला चाकांवरच भागवावे लागते आणि चाके काठाशी येऊन थांबतात. याच योजनेतील ‘बुडीत मजुरी’ ही तरतूद मात्र विशेष समजुतीची आहे: कुपोषित किंवा आजारी मुलाला दवाखान्यात ठेवावे लागले तर सोबत राहणाऱ्या पालकाची जी रोजी बुडते तिची काही भरपाई सरकारने द्यावी, हे तत्त्व तिच्यात मान्य झालेले आहे. रुग्णाला बरे होण्यासाठी औषधाखेरीज वेळ लागतो आणि गरिबाच्या वेळेला बाजारभाव असतो, ही गोष्ट सरकारी भाषेत इतक्या स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी उतरली आहे.

बाळंतपणाच्या बाबतीत ही समजूत पुन्हा पातळ होते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेपासून दवाखान्यातील बाळंतपण हे सरकारी धोरणाचे मुख्य लक्ष्य बनले, आणि रस्ता असलेल्या भागांत त्याचा लाभ निश्चितच झाला. टापूवर कळा सुरू झाल्यावर निघणे म्हणजे बांबूला बांधलेल्या झोळीतून काठापर्यंत उतरणे, होडीची वाट पाहणे, पाण्याचा प्रवास करणे आणि पलीकडे पुन्हा चढ चढून वाहनापर्यंत पोहोचणे होय; मोलगी किंवा धडगाव येथील ग्रामीण रुग्णालय त्यानंतरही घाटवाटांपलीकडे असते. यावर ‘माहेरघर’ हा उपाय योजला गेला. अपेक्षित तारखेच्या काही दिवस आधीच बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील खोलीत येऊन राहावे, सोबत लहान मूल आणि एखादे नातलग असावे, त्यांच्या जेवणाचा खर्च सरकारने करावा, अशी ही रचना आहे. नाव निवडणाऱ्याला मराठी बाईचे मन कळले होते असे म्हणावे लागते. परंतु पावरा बाईच्या दृष्टीने हा हिशेब निराळा असतो: घरी शेळ्या आहेत, मोठी मुलगी आठ वर्षांची आहे, नवरा मजुरीसाठी गुजरातमध्ये गेला आहे, आणि तारीख तर नर्सबाईने अंदाजाने सांगितलेली आहे. सोनोग्राफी न झालेल्या बाईची तारीख दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते, आणि अनोळखी खोलीत दोन आठवडे वाट पाहणे कोणालाही जड जाईल. ‘लाभार्थी उदासीन आहेत’ असा शेरा अशा वेळी वहीत पडतो. तो लिहिणाऱ्याने शेळ्यांची व्यवस्था विचारलेली नसते.

जिथे बाई दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाही तिथे दवाखान्यातले ज्ञान घरापर्यंत न्यावे, ही दिशा महाराष्ट्रानेच देशाला दाखवलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे, श्वास रोखलेल्या बाळाला हाताळण्याचे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करण्याचे शिक्षण दिले. नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट दाखवणारा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळाच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर आला. घरी बाळंतपण झाल्यास आशाने पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सात भेटी द्याव्यात असे त्यात ठरलेले आहे. टापूच्या संदर्भात या रचनेचे मोल असे की आशा त्याच पाड्यावरची असेल तर सातही भेटी पाण्याविना होतात. मात्र देशभर जाताना मूळ प्रयोगातील एक धाडस गळाले: गडचिरोलीतील प्रशिक्षित स्त्री गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत असे, तर कार्यक्रमातील आशाकडून मुख्यतः ओळखणे आणि पुढे पाठवणे एवढेच अपेक्षित राहिले. जिथे ‘पुढे’ म्हणजे अंधारातले पाणी आहे, तिथे पाठवणे हा उपचार होऊ शकत नाही. सर्पदंशाचेही असेच आहे. भुकटीच्या रूपातील प्रतिसर्पविषाला फ्रीजची सक्ती नसते, म्हणून ते काठावरच्या गावात ठेवता येईल असे वाटते. पण ते दिल्यावर येऊ शकणारी तीव्र प्रतिक्रिया हाताळायला प्रशिक्षित माणूस जवळ हवा असतो, आणि रात्री तो टापूवर नसतो. बडव्याकडे, म्हणजे मंत्र-औषध करणाऱ्या जाणत्याकडे, आधी नेल्याबद्दल नातेवाइकांना दोष दिला जातो, तेव्हा त्या घटकेला बडवा चालत पोहोचण्याच्या अंतरावर होता आणि डॉक्टर नव्हता, एवढी साधी गोष्ट विसरली जाते.

अंतराचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमध्ये जितक्या स्पष्टपणे विचारला गेला तितका आपल्याकडे विचारला गेलेला नाही. १९११ च्या ब्रिटिश राष्ट्रीय विमा कायद्याने पगारी कामगारांच्या आजारपणाची सोय केली, परंतु स्कॉटलंडचा उत्तर डोंगराळ भाग आणि त्याची बेटे इथला बहुसंख्य माणूस क्रॉफ्टर, म्हणजे लहान तुकडा कसणारा कूळ शेतकरी होता. त्याला पगार नव्हता, म्हणून विमाही नव्हता. सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१२ मध्ये तिथे फिरून साक्षी घेतल्या आणि नोंदवले की डॉक्टर गरीब आहेत, प्रवासातच त्यांची कमाई संपते, आणि पुष्कळ माणसे डॉक्टरने न पाहताच मरतात. १९१३ च्या कायद्याने सरकारने वर्षाला ४२,००० पौंड बाजूला काढले, डॉक्टरांना किमान उत्पन्नाची हमी दिली, त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला, आणि बदल्यात रुग्णाकडून घ्यायची फी अंतर कितीही असले तरी तीच राहील असे बंधन घातले. त्यामुळे दूरच्या बेटावरच्या कुळाला डॉक्टर गावातल्या माणसाइतक्याच पैशांत मिळू लागला. १९४८ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेची ही पूर्वपीठिका मानली जाते. नर्मदेशी हिची तुलना मर्यादित अर्थानेच करता येईल, कारण इथे सरकारी दवाखान्यात तपासणी मोफतच आहे. महाग आहे ते तिथवर जाणे, आणि ते मोफत कधीच नव्हते.

नर्मदेच्या बाबतीत सरकारची जबाबदारी आणखी एका कारणाने वेगळी ठरते, कारण हे पाणी सरकारी निर्णयाने चढले. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात विस्थापितांच्या नव्या वसाहतींत कोणत्या सोयी असाव्यात हे बारकाईने नमूद आहे: शंभर कुटुंबांमागे शाळा, पाचशे कुटुंबांमागे दवाखाना, पन्नास कुटुंबांमागे विहीर. निवाडा निघून गेलेल्यांचा विचार करतो. पाण्याच्या कडेला किंवा पाण्याच्या मधोमध उरणाऱ्यांसाठी त्यात दवाखाना नाही, कारण कोणी तसे उरेल हे हिशेबातच नव्हते. पुढची अडचण सीमेची. टापूवरून पाहिले तर समोरचा काठ गुजरातचा किंवा मध्य प्रदेशाचा असतो आणि पुष्कळदा तिकडचा दवाखाना जवळ पडतो, त्यामुळे शहाणा नावाडी होडीचे तोंड तिकडेच वळवतो. बाळंतपण सुखरूप होते, परंतु माता-बाल संरक्षण कार्डावर एका राज्याची नोंद, अनुदान दुसऱ्या राज्याचे आणि जन्मदाखला मिळवायला तिसरी फेरी, अशी परिस्थिती होऊन बसते. अलीकडच्या काठावरील आरोग्य केंद्राच्या आकडेवारीत ते बाळंतपण ‘नोंद नाही’ म्हणून राहते, आणि नोंद नसलेले बाळ लसीच्या यादीतही उशिरा येते.

२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात नर्मदाकाठच्या चिमलखेडी येथील एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळांचे वजन घ्यायला आणि गरोदर बायांना आहार पोहोचवायला जात असल्याचे देशभर छापून आले. तिचे कौतुक झाले ते सर्वथा रास्त होते. परंतु त्या कौतुकात अंगणवाडीच्या मानधनात वल्हवण्याची मजुरी धरलेली आहे का, असा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसले नाही. टापूवर जाणाऱ्या परिचारिकांच्या फेरीच्या वहीत तारीख, गाव, तपासलेले रुग्ण, दिलेल्या लसी आणि शेरा असे रकाने असतात. पाण्याच्या पातळीला रकाना नसतो, म्हणून काही जणी ती समासात पेन्सिलने लिहितात, ‘गाळ’, ‘निम्मे पाणी’, ‘अंगणापर्यंत’, आणि पुढच्या महिन्याची फेरी त्या समासाकडे पाहून ठरवतात.